बाई वीस वर्षं बिगारीच का राहते? गवंडी का होत नाही?

साइटवरची

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी सिव्हिल इंजिनियर, गेली नऊ वर्षं पुण्याच्या आसपासच्या साइटवर काम करते, आधी बाणेर, मग वाकड, आता हिंजवडीच्या पुढे.

गेल्या आठवड्यात एका डक्टची, म्हणजे पाइप जायच्या उभ्या पोकळीची, भिंत चालली होती. गवंडी जेवायला गेला होता आणि त्याच्या हाताखालची मावशी तिथेच घमेलं धूत बसली होती. मी जाता जाता भिंतीकडे बघितलं, मला काही खटकलं नाही, पण मावशी म्हणाली, "ताई, ही पुढं झुकलीया, ओळंबा लावून बघा." मी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का बघायचं दोरीला बांधलेलं वजन, लावला. छातीएवढ्या उंचीत १२ मिलीमीटर बाहेर. नुसत्या नजरेनं ओळखलं तिनं. मग मी विचारलं किती वर्षं काम करता, तर बावीस. बावीस वर्षं माल कालवणं, घमेलं देणं, विटा वर नेणं आणि भिंतीवर पाणी मारणं. तुम्ही स्वतः का नाही लावत विटा, असं विचारलं तर म्हणाली, "बाईच्या हातात थापी कोण देतंय?"

त्या दिवसापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. आमच्या साइटवर गडी बिगाऱ्याला ७००, बाई बिगारीला ५०० आणि गवंड्याला ११०० आहेत. मावशीनंतर चार वर्षांनी बिगारी म्हणून आलेला एक मुलगा आज मिस्त्री आहे, आणि मावशी त्यालाच माल देते. नऊ वर्षांत मी एकही बाई गवंडी पाहिलेली नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिलीय का? आणि हे बदलायचं तर सुरुवात कुठून करायची? मला खरंच काहीतरी करायचंय, म्हणून विचारतेय.

कृष्णाकाठ

मी छोटा कॉन्ट्रॅक्टर आहे, मिरजेच्या बाजूला बंगल्यांची, दुकानगाळ्यांची कामं घेतो. काहींना राग येईल पण जसं आहे तसं लिहितो.

गवंडीकाम शाळेत शिकवत नाहीत. चुलता शिकवतो नाहीतर मामा शिकवतो. पोरगं पंधरा सोळाचं असताना हाताखाली येतं, संध्याकाळी काम सुटल्यावर उरलेल्या मालावर थापी चालवून बघतं, मिस्त्री चार शिव्या घालतो आणि हात धरून दाखवतो, असं दोन तीन वर्षं चालतं. आता ती संध्याकाळची वेळ बाईकडे आहे का? पाच वाजले की तिला पाणी भरायचं असतं, चूल पेटवायची असते, पोरं असतात. म्हणजे शिकायची जी वेळ आहे तीच तिची दुसरी ड्यूटी चालू व्हायची वेळ. मी तीस वर्षात हे रोज बघितलंय पण असं मांडून कधी बघितलं नव्हतं, तुमचा धागा वाचून पहिल्यांदा डोक्यात आलं.

दुसरं म्हणजे गवंडी आपली टोळी घेऊन येतो, मी माणसं निवडत नाही, तोच निवडतो. परांचीवर, म्हणजे उंचावर काम करायच्या मचाणावर, बाई चढवायला तो तयार नसतो, काही झालं तर जबाबदारी कुणाची म्हणतो. आणि मालकही विचारतो, मग बांधणार कोण? रोजाचं म्हणाल तर बाईला कमी देतो हे खरं आहे, कारण नाक्यावर रेटच तसा आहे.

लेबर_कॉलनी

माझी आई बिगारी होती. जालन्याकडून आमचं घर पुण्यात आलं, आणि दहावीपर्यंत मी सोळा की सतरा साइट बदलल्या. आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

कृष्णाकाठ दादा, तुम्ही प्रामाणिक लिहिलंत ते आवडलं. पण परांचीवर बाई चढवत नाहीत हे मला पटलं नाही. माझी आई डोक्यावर दहा विटा घेऊन चार चार मजले चढायची, कठडा नसलेल्या जिन्यावरून. एक वीट तीन किलोची धरा, म्हणजे तीस किलो. सातव्या महिन्यापर्यंत चढत होती, माझ्या भावाच्या वेळेला. ओझं घेऊन चढताना कुणी जबाबदारी कुणाची विचारलं नाही, थापी मागितली की मग विचारतात. आणि नाक्यावरचा रेट काही पावसासारखा आभाळातून पडत नाही, तो तुम्ही, मुकादम आणि शेजारचा कॉन्ट्रॅक्टर मिळूनच ठरवता ना?

आमच्याकडे तर आईचा रोज वेगळा असा कधी नव्हताच. मुकादम वहीत 'जोडी' लिहायचा. जोडीचे पैसे शनिवारी बाबांच्या हातात. आई खाडा करायची त्या दिवशी मात्र जोडीतून तिचे बरोबर कापले जायचे, म्हणजे कापताना तिचा हिशोब वेगळा आणि देताना एकत्र. बाबा चांगले होते, दारू नव्हती, पण आईला स्वतः किती कमावते ते आयुष्यभर माहीत नव्हतं.

आणि एक गोष्ट इंजिनियर लोकांना दिसत नाही म्हणून लिहिते. आई सकाळी सातनंतर पाणी प्यायची नाही. साइटवर बायकांसाठी संडास नसायचा, असला तर तो खाली कॉलनीच्या टोकाला, आणि काम दहाव्या मजल्यावर. दिवसभर उन्हात, सिमेंटात, आणि पाणी नाही. लघवीच्या जागी जळजळ हा तिचा कायमचा आजार होता. मी नर्सिंगला गेल्यावर कळलं की तो आजार नव्हता, ते पाणी न पिणं होतं. आजही ओपीडीत साडीवर पुरुषी शर्ट घातलेली बाई आली की मी आधी विचारते, साइटवर संडास आहे का.

जुना_ओव्हरसियर

बांधकाम खात्यातून निवृत्त आहे, वय ७४. नोकरीची सुरुवातच दुष्काळी कामांवर झाली. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल, खडी फोडायला, पाझर तलावाला, रस्त्याला बायका हजारोंनी होत्या. पुढे १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला. त्यात रोज मापावर होता, एवढी खडी फोडली, एवढी माती काढली तर एवढे पैसे, आणि तिथे बाई आणि पुरुष असा वेगळा दर नव्हता. म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या कामावर समान दर तेव्हापासून आहे. देशाचा समान वेतनाचा कायदाही १९७६ चा, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तेच कलम आहे. तेव्हा ७०० आणि ५०० हा फरक रूढी असेल, कायद्यात तो बसत नाही, हे साइटवरची ताईंनी लक्षात ठेवावं.

पण मला एक कबूल केलं पाहिजे. मापावरच्या कामातसुद्धा पहार आणि टिकाव पुरुषाच्या हातात असायचा आणि पाटी बाईच्या डोक्यावर. गटाचं माप निघालं की आपसात वाटताना पुन्हा तेच, खणणाऱ्याला जास्त. मीही मस्टर, म्हणजे हजेरीच्या वह्या, लिहिलेत, मी कधी त्या वाटणीत पडलो नाही. पडायला हवं होतं.

दुसरं, १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याबद्दल. ज्या साइटवर ५० पेक्षा जास्त स्त्री कामगार आहेत तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली त्या कायद्यानं सक्तीची केली. मग ठेकेदारांनी काय केलं तर पोटठेकेदार पाडले, एकाकडे वीस बायका, दुसऱ्याकडे पंचवीस. आकडा ५० च्या वर जातच नाही कागदावर. पोर मात्र स्लॅबच्या सळईला बांधलेल्या साडीच्या झोळीतच.

लेबर_कॉलनी

ती झोळी मला आठवते काका. आमचं नशीब एवढंच की दोन साइटवर पाळणाघर होतं. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत मोबाईल क्रेशची सुरुवात केली, बांधकामावरच्या मुलांसाठीच, आणि पुण्यात तारा मोबाईल क्रेशेस अशी पाळणाघरं साइटवर चालवते. तिथल्या ताईंनीच मला शाळेत घातलं. पाळणाघर असलं की आईचं लक्ष कामात असायचं, नसलं की अर्धा जीव झोळीत. अशा बाईला तुम्ही थापी दिली तरी ती शिकणार कशी? म्हणून मी म्हणेन सुरुवात पाळणाघरापासून आणि संडासापासून करा, थापी त्यानंतर.

सेफ्टी_पहिली

सेफ्टी ऑफिसर आहे, नवी मुंबई. एक मुद्दा जो मी माझ्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये मांडतो. साइटवर हेल्मेट सक्तीचं, बरोबर? आणि बाईला काम काय दिलंय तर डोक्यावर ओझं. हेल्मेटवर चुंबळ बसत नाही. म्हणजे तिला दिलेलं काम करायचं तर हेल्मेट काढावंच लागतं, आणि मग साहेब आला की तिलाच ओरडतो हेल्मेट कुठंय म्हणून. ज्या माणसांनी नियम केला आणि ज्यांनी काम वाटलं त्या दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. हार्नेसचं, म्हणजे उंचावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायच्या पट्ट्यांचं, तेच, साडीवर मांडीचे पट्टे बसत नाहीत. आम्ही सलवार आणि वर जाड कापडाचा लांब शर्ट असा ड्रेस शिवून दिला, पहिले दोन दिवस बायका लाजल्या, नंतर म्हणाल्या साडीपेक्षा बरं, पायात येत नाही. डोक्यावरचं ओझं बंद करून ढकलगाडी आणि लिफ्ट दिली की हेल्मेटही राहतं आणि मानही राहते.

साइटवरची

सेफ्टी_पहिली, तुमचं वाचून अंगावर आलं, कारण मी स्वतः दोनदा मावशीला हेल्मेटवरून बोललेय. पण ढकलगाडी आणि लिफ्टबद्दल मला वेगळीच भीती वाटते आणि ती इथे मांडतेच. यंत्र आलं की बाईचं काम जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पूर्वी स्लॅबच्या दिवशी माल मिक्सरवर तयार व्हायचा आणि वीस पंचवीस बायकांची रांग घमेली वर द्यायची. आता आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी येते, पंप लावला की दोन माणसं पाइप धरतात, संपलं. भिंतीसुद्धा आता अॅल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये, म्हणजे साच्यात, काँक्रीटच्या ओततात, विटाच नाहीत मग विटा वाहणार कोण. कष्ट गेले हे चांगलंच झालं, ते ओझं कुणाच्याच डोक्यावर नको. पण पंप चालवायला, लिफ्ट चालवायला, शटरिंग लावायला जी नवी कामं निघाली ती सगळी पुरुषांना मिळाली, आणि बायका उरल्या पाणी मारायला, झाडलोट करायला आणि टाइल्स पुसायला. म्हणजे बाईला कौशल्य दिलं नाही तर ती बिगारी म्हणूनही शिल्लक राहणार नाही. थापी नंतर असं म्हणायला म्हणूनच मन धजत नाही माझं.

आभाळवाट

थोडं आशादायकही लिहूया. शकुंतला भगत, १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनियर झाल्या, देशातल्या पहिल्या स्त्री सिव्हिल इंजिनियर म्हणून त्यांचं नाव घेतात. पुढे नवऱ्याबरोबर क्वाड्रिकॉन कंपनी काढली आणि सुट्या भागांतून जोडायचे पोलादी पूल डोंगराळ भागात उभे केले. आणि आपल्या वर्ध्याच्या वैशाली हिवसे, २०२१ मध्ये सीमा रस्ते संघटनेत रस्ता बांधणाऱ्या तुकडीचं नेतृत्व मिळालेल्या पहिल्या स्त्री अधिकारी. म्हणजे बाईला जमत नाही हा प्रश्न केव्हाच निकालात निघालाय.

साइटवरची

दोघींबद्दल खूप अभिमान आहे, मी कॉलेजात असताना शकुंतलाबाईंचा फोटो वहीत लावला होता. पण बघा ना, डिग्री असली की दार थोडं तरी उघडतं, मला साइटवर मॅडम म्हणतात. मावशीला कुठली डिग्री? तिच्या कामाला तर शब्दही नाही आपल्याकडे. गवंड्याचं स्त्रीलिंग करून बघा, गवंडीण म्हटलं की लोकांना गवंड्याची बायको वाटते.

नोकरीनिमित्त_रांची

शब्दाचं म्हणालात म्हणून लिहितो. बँकेच्या नोकरीत तीन वर्षं झारखंडला होतो. तिकडे बाई गवंड्याला 'रानी मिस्त्री' म्हणतात. स्वच्छ भारतमध्ये गावोगावी संडास बांधायचे होते, टार्गेट मोठं आणि राजमिस्त्री सगळे कामाला परराज्यात गेलेले. मग बचत गटातल्या बायकांना शिकवलं आणि त्यांनी बांधले, हजारो बांधले. मी आमच्या ब्रँचच्या भागात स्वतः बघितलंय, साडी खोचून बाई वीट लावतेय आणि तिचा नवरा माल देतोय. लोक आधी हसले, मग त्यांनाच बोलावून स्वतःच्या घराच्या भिंती बांधून घेतल्या. माझ्या मते तिथे ते जमलं कारण कामच गटाच्या नावावर होतं. कुणा मिस्त्रीची परवानगी लागली नाही.

मुक्काम_पोस्ट_औसा

हे लातूरला आधी घडलंय हो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. पुढे घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीचा कार्यक्रम आला तेव्हा गावागावात बायकांना संवाद सहायक नेमलं होतं, स्वयं शिक्षण प्रयोग संस्था त्याच कामातून उभी राहिली. माझी काकू त्यात होती. दगडी भिंतीचे दोन्ही थर बांधणारा आरपार दगड टाकला का, भिंतींना एकत्र बांधणारी आडवी पट्टी कुठल्या उंचीला घेतली, कोपऱ्यात सळई आहे का, हे ती गवंड्याच्या शेजारी उभी राहून विचारायची. गवंडी वैतागायचे. पण ज्या बाईने भिंतीखालून आपलं माणूस काढलंय ती आरपार दगड मोजणारच ना. माझं म्हणणं एवढंच की काकूला भिंत कशानं पडते आणि कशानं उभी राहते हे गवंड्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी कार्यक्रम संपला आणि काकू परत शेतात गेली. पुढं त्या शिक्षणाचा उपयोग करून घ्यायला कुणी आलं नाही, तिला अजून त्याचं वाईट वाटतं.

कृष्णाकाठ

दोन दिवस धागा वाचतोय. लेबर_कॉलनी ताई, तुमचं 'कापताना वेगळा आणि देताना एकत्र' हे वाक्य मी आमच्या मंडळींना वाचून दाखवलं. या शनिवारी मी माझ्याकडच्या चार जोड्यांचे पैसे वेगवेगळे केले. तिघींना खातं आहे, त्यांच्या खात्यावर टाकले. एका गड्याने तोंड वाकडं केलं, म्हणाला घर माझं आहे मग पैसे तिला का. मी म्हटलं काम तिनं केलंय. रोज अजून सारखा केलेला नाही, खोटं लिहीत नाही, चालू कामाचा रेट ठरलेला आहे. पुढचं काम घेताना बाईचा रोज धरूनच एस्टिमेट करणार आहे.

एक विचारायचं होतं, बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीला बायकांचं काय होतं? माझ्याकडची एक म्हणते तिच्या नवऱ्याचं कार्ड आहे म्हणून तिला लागत नाही.

जुना_ओव्हरसियर

लागतं. हा मोठा गैरसमज आहे. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम, की तिची स्वतःची नोंदणी होते. नवऱ्याच्या कार्डावर ती फक्त कुटुंबातली व्यक्ती असते, कामगार नसते. ९० दिवसांचा दाखला ठेकेदारानं द्यायचा असतो, आणि बायका नेमक्या तिथेच अडकतात, कारण मस्टरवर जोडी लिहिलेली. तुम्ही मस्टरवर दोन वेगळी नावं लिहायला लागा आणि दाखला द्या, तुमच्या हातातलं आहे ते. पैसा कुणाच्या खिशातून जात नाही, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आधीच भरलेला असतो, तो यांच्याचसाठी आहे.

लेबर_कॉलनी

काकांना दुजोरा. आणि एक भर घालते, त्रासाबद्दल. मुकादमाचा हात, रात्रीचा फोन, 'हजेरी लावतो पण' वगैरे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बिगारी बाईलाही तक्रार करता येते. दहापेक्षा कमी माणसं असली, कंपनीची कमिटी नसली किंवा तक्रार मालकाविरुद्धच असली तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, त्यासाठी कलेक्टर कचेरीत चौकशी करायची. साइटवरची ताई, हे मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये कॉलनीच्या पाण्याच्या टाकीवर लिहून ठेवा. ऑफिसच्या भिंतीवर नको, तिथे बायका येत नाहीत.

साइटवरची

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. काय झालं ते सांगते.

पाण्याच्या टाकीवर लिहिलं. सातव्या आणि चौदाव्या मजल्यावर बायकांसाठी संडास बसवून घेतले, खर्चाचं पत्र पाठवताना मी लेबर_कॉलनी ताईंचा पाणी न पिण्याचा परिच्छेद तसाच जोडला होता, मंजुरी आली.

शिकण्याची वेळ मी संध्याकाळची ठेवली नाही. कृष्णाकाठ दादांनी लिहिलं होतं ते पक्कं डोक्यात होतं, म्हणून दुपारी तीन ते चार, कामाच्याच वेळेत, रोज न कापता. मावशी आणि आणखी दोघी. आमचे एक वयस्कर गवंडी शिकवायला तयार झाले, त्यांना दोन मुलीच आहेत, थापी पुढे कुणाला द्यायची हा त्यांचाही प्रश्न होता. सुरुवातीला १:६ चा माल (एकाला सहा भाग वाळू) सिमेंटऐवजी चुन्यात केला म्हणजे भिंत पाडून विटा परत वापरता येतात. पहिली भिंत पाडली. दुसरी मावशीनं स्वतःच पाडली, म्हणाली सांधे भरले नाहीत. तिसऱ्या भिंतीचा ओळंबा मी लावला आणि हात थरथरत होता माझा. दीड मीटरमध्ये दोन मिलीमीटर. मग स्टोअरच्या खोलीची एक खरी भिंत तिला दिली, ती उभी आहे.

घरून विरोध झाला. एकीचा नवरा चार दिवसांनी तिला घेऊन गावी गेला, ती आता येत नाही. याचा मला फार त्रास झाला, मी घाई केली का असं वाटत राहतं. दुसरी येतेय. पोटठेकेदाराशी भांडून मावशीचा रोज ८०० करून घेतला, गवंड्याचा ११०० नाही, अर्ध्या मिस्त्रीचा म्हणतात तो. आणि हजेरीच्या ॲपमध्ये नाव टाकायला गेले तर त्यात गवंडीपुढे पुरुष एवढाच पर्याय आहे, बिगारीपुढे मात्र पुरुष आणि स्त्री दोन्ही. ज्यानं ॲप बनवलं त्याच्या डोक्यातच आलं नाही. ऑफिसला मेल टाकलीय, तोपर्यंत तिची हजेरी मी वहीत हातानं लिहितेय, गवंडी म्हणून.

कृष्णाकाठ दादा, तुम्हाला एक विचारायचं होतं. इथल्या दुकानातल्या थाप्या तिच्या हाताला मोठ्या होतात, मूठ जाड आहे, मनगट दुखतंय म्हणते. लहान मुठीची कुठे मिळेल?

कृष्णाकाठ

दुकानात नाही मिळायची. आमच्याकडे एक लोहार आहे तो करून देतो, पातं सात इंची आणि बाभळीची बारीक मूठ. मावशींच्या हाताचा पंजा कागदावर ठेवून कडेनं पेन फिरवून मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा, शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. दुसऱ्या ताईंचाही पाठवा. बुधवारी मी त्याच्याकडे जाणार आहे, माझ्याकडच्या एकीचं मापही घेतलंय.